पोलो जीटीला स्प्रिंगा निवडताना: नव्यांसाठी पायरीपायरीने

गाडीच्या स्प्रिंगा बदलायच्या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती मिलिमीटर खाली बसेल?" दुकानदारही याच आकड्यावर माल विकतो. माझं म्हणणं असं की हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघायचं ते हे, की खड्ड्यात किंवा गतिरोधकावर चाक वर उचललं जाईल तेव्हा त्याला वर यायला जागा किती उरणार आहे. बाकीची निवड बऱ्यापैकी त्यातूनच ठरते.

उदाहरणाला फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोलवाली पोलो, घेतो. चाकणला बनलेली गाडी, २०२२ मध्ये उत्पादन थांबलं, तरी हौशी लोकांनी जपून ठेवलेल्या भरपूर पोलो आजही महाराष्ट्रात रस्त्यावर आहेत. कागदोपत्री ती हॅचबॅक, पण घाटात मनापासून चालवायची गाडी म्हणून आपल्याकडे कित्येकांची पहिली स्पोर्टी गाडी हीच. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच नळीवर. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. तुमच्याकडे ऑक्टाव्हिया आरएस असो किंवा परदेशात माझ्दा एमएक्स-५ असो, आकडे बदलतील, पायऱ्या याच राहतील.

पहिली पायरी: आहे ते नीट आहे का?

साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीत "हँडलिंग ढिलं वाटतं" याचं कारण बहुतेक वेळा स्प्रिंग नसतेच. संपलेले शॉकअप, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) चिरलेले रबरी बुश, वाजणाऱ्या लिंक रॉड, बसलेली टॉप माउंटिंग (स्ट्रटच्या डोक्यावरची रबरी बैठक) आणि कडक झालेले जुने टायर हे खरे गुन्हेगार. गाडी रॅम्पवर घ्या, शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलावा आहे का पाहा, चाक हातात धरून हलवून बघा. हे सगळं नवं करून महिनाभर चालवा. बऱ्याच जणांची स्प्रिंगांची इच्छा इथेच शमते, आणि ज्यांची शमत नाही त्यांना निदान तुलना कशाशी करायची ते कळतं.

दुसरी पायरी: मोजमाप

सपाट जागी गाडी उभी करा. टायरमध्ये नेहमीची हवा, टाकी अर्धी, डिकी रिकामी. चाकाच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर टेपने मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजू नका, कारण टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते.

आता महत्त्वाचं माप. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, टॉर्च घेऊन पुढच्या चाकाच्या आत डोकवा. स्ट्रटच्या दांड्यावर रबरी बेलोज असतो. तो हळूच वर सरकवला की आत पिवळसर किंवा काळ्या फोमसारखा बंप स्टॉप दिसतो. त्याच्या खालच्या टोकापासून स्ट्रटच्या नळीच्या वरच्या तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे तुमची मोकळी जागा. चाक तेवढं वर आलं की बंप स्टॉप दबायला लागतो. मागच्या बाजूला हे आणखी सोपं आहे: शॉकअपच्या दांड्यावर नळीला टेकवून एक केबल टाय सैलसर बांधा, नेहमीच्या रस्त्यावर चालवून या, टाय कुठपर्यंत सरकला ते बघा. रोजच्या वापरात तुम्ही किती जागा खाता हे तो टाय सांगतो.

हे माप हाती आल्यावर एक साधं गणित करता येतं, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. स्प्रिंग जितकी दबते, तितक्याच्या वर्गाच्या प्रमाणात ती धक्का पोटात घेते. समजा मोकळी जागा ७० मिमी आहे आणि गाडी २० मिमी खाली घेतली. उरले ५०. तोच खड्डा त्याच वेगात बंप स्टॉपला न लागता पचवायचा, तर शॉकअपचा वाटा बाजूला ठेवून स्प्रिंग ७०/५० च्या वर्गाइतकी, म्हणजे जवळजवळ दुप्पट कडक हवी. उलट बाजूने बघा: स्प्रिंग ३० टक्के कडक घेतली, तर तेवढ्या कडकपणाने फक्त ९ मिमीच्या आसपास उतरणं भरून निघतं. बाजारातल्या "३० टक्के कडक, ३५ मिमी खाली" अशा संचाला हे गणित लावून पाहा. उरलेला भार बंप स्टॉपवर जातो. चांगल्या संचात म्हणूनच वेगळा, आखूड, हळूहळू कडक होणारा बंप स्टॉप येतो. सोबत तो नसेल तर का नाही हे विचारा.

तिसरी पायरी: रस्ता कोणता?

पोलोची जमिनीपासूनची उंची साधारण १६५ मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा. पोलोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे २.४६ मीटर. गाडी बरोबर मध्यावर असताना कमान पोटाखाली जेमतेम ४५ मिमी वर येते. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाची भीती ३५ मिमी खाली बसलेल्या गाडीलाही नाही. भीती आहे ती गावाच्या वेशीवर किंवा सोसायटीच्या दारात हौसेने घातलेल्या अरुंद, उभट उंचवट्याची. तो चाकांमधल्या अंतरात पूर्ण मावतो, त्यामुळे त्याची सगळीच उंची गाडीच्या पोटातून वजा होते. १५ सेंटिमीटरचा असेल तर मूळ उंचीवरही फक्त १५ मिमी शिल्लक. चार माणसं बसली की तीही संपली.

म्हणून निवडीआधी तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट गतिरोधक, सोसायटीच्या पार्किंगचा उतार आणि पावसाळ्यात ठरलेल्या जागी पडणारा खड्डा, हे तिन्ही डोळ्यासमोर आणा. रोज एक्स्प्रेसवेने पुणे-मुंबई करणाऱ्याला पाण्यासारखा सपाट रस्ता मिळतो, पण काँक्रीटच्या सांध्यांची टकटक कडक स्प्रिंगेत सतत जाणवते. ताम्हिणी, आंबोली करणाऱ्याला वळणावळणात झुकणं कमी हवं असतं, पण तिथे डांबराला लाटा असतात आणि चाक रस्त्याला चिकटून राहायला स्प्रिंग मऊसरच लागते. मुंबईत पेव्हर ब्लॉकवरून जाणाऱ्याने माझं ऐकलं तर उंचीला हातच लावू नये, चांगले शॉकअप घालून मोकळं व्हावं.

मागच्या सीटचाही विचार हवा. डिकीत सामान आणि मागे दोन माणसं मिळून मागच्या प्रत्येक चाकावर ७५ किलो वाढले, आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी असला, तर गाडी मागून साधारण ३७ मिमी बसते. आधीच ३५ उतरवली असेल तर गणपतीला कोकणात जाताना तुम्ही बंप स्टॉपवर बसूनच जाल.

चौथी पायरी: स्प्रिंगेचे आकडे वाचायला शिका

स्प्रिंग रेट म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो. युरोपीय माल न्यूटन प्रति मिमीमध्ये, जपानी किलो प्रति मिमीमध्ये, अमेरिकन पाउंड प्रति इंचात. एक किलो प्रति मिमी म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिमी, किंवा ५६ पाउंड प्रति इंच. हौशी मंडळी "सहा किलोची स्प्रिंग" म्हणतात ते यातलं.

रेट तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येवर ठरतो. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो: बाकी सगळं तेच ठेवून १२ मिमीच्या जागी १३ मिमी तार घेतली की स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक. डोळ्याने कळणारही नाही इतका फरक, आणि गाडी वेगळी होऊन जाते. त्यामुळे "दिसायला सारखीच आहे" या बोलण्यावर कधी विश्वास ठेवू नका.

मित्राच्या गाडीतला आकडा आपल्या गाडीला लावता येत नाही. पोलोच्या स्ट्रटमध्ये चाक जेवढं हलतं जवळजवळ तेवढीच स्प्रिंग दबते. एमएक्स-५ सारख्या डबल विशबोन (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाडीत स्प्रिंग आर्मच्या मधल्या भागावर टेकलेली असते, चाकापेक्षा कमी हलते, आणि त्या गुणोत्तराचा वर्ग चाकापाशी लागू होतो. गुणोत्तर ०.७ असेल तर सहा किलोची स्प्रिंग चाकापाशी तीन किलोचीसुद्धा राहत नाही.

तुलना करायचीच तर गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलते त्यावर करा. साध्या प्रवासी गाड्या १ ते १.५ हर्ट्झ, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या १.५ ते २ हर्ट्झ, त्यापुढे ट्रॅकचा प्रदेश. हिशेबासाठी आकडे मानून घेऊ: पुढच्या एका स्प्रिंगेवर ३१० किलो आणि रेट २२ न्यूटन प्रति मिमी, तर १.३४ हर्ट्झ. तीस टक्के कडक केली तर १.५३. दुप्पट केली तर १.९. आपल्या रस्त्यांवर रोज चालवायच्या गाडीला १.६ च्या वर नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर: ताशी ६० किमीला पोलोत हा उशीर सुमारे ०.१५ सेकंदाचा. मागची बाजू जरा जलद झुलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी होडीसारखी पुढेमागे डुलत नाही. मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे काम केलं, आजही ते धरूनच गाड्या बनतात. फक्त पुढच्या दोन स्प्रिंगा बदलल्या किंवा दोन संच मिसळले तर पुढच्या-मागच्याचा हाच मेळ बिघडतो. शिवाय इंजिनची ओढ पुढच्या चाकांना असलेल्या गाडीत मागची बाजू फार कडक केली की पावसात घाट उतरताना अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर शेपूट बाहेर येते.

लिनियर की प्रोग्रेसिव्ह? लिनियरमध्ये रेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. प्रोग्रेसिव्हमध्ये काही वेटोळी जवळजवळ असतात, ती दबून एकमेकांना टेकली की उरलेली कमी वेटोळी काम करतात आणि स्प्रिंग कडक होते. लिनियर स्प्रिंग वळणात काय करणार ते आधी कळतं. प्रोग्रेसिव्ह रिकाम्या गाडीत मऊ आणि भरलेल्या गाडीत सावरून घेणारी. घरातली एकच गाडी असेल तर प्रोग्रेसिव्ह घ्या.

पाचवी पायरी: शॉकअपशी जोडी

स्प्रिंग दाबलेली ऊर्जा परत फेकते, ती रोखणं शॉकअपचं काम. रेट ३० टक्के वाढला की तेवढाच ताबा ठेवायला सुमारे १४ टक्के जास्त डॅम्पिंग लागतं. निरोगी मूळ शॉकअप इथपर्यंत निभावून नेतो. त्यापुढे गेलात की गाडी उंचवट्यानंतर दोन-तीनदा उसळते, आणि लोक त्यालाच "स्पोर्टी राइड" समजतात.

उतरवलेल्या गाडीत मूळ लांबीचा शॉकअप सतत अर्धा आत घुसलेल्या जागी काम करतो. त्यासाठी आखूड शॉकअप मिळतात: बिलस्टाइन या शॉकअप कंपनीचा बी६ मूळ उंचीसाठी, बी८ उतरवलेल्या गाडीसाठी, आणि आयबाखच्या स्प्रिंगांसोबत बी८ चा जोडलेला संच म्हणजे बी१२. पैसे एकदाच घालायचे असतील तर असा जुळवलेला संच मला सुट्या खरेदीपेक्षा बरा वाटतो. उंची फिरवून बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग-शॉकअपची एकत्र जोडी) रोजच्या गाडीला मी सुचवत नाही. पावसाळ्यातल्या चिखलात त्यांचे आटे गंजून बसतात, आणि स्वस्तातल्या संचात शॉकअपचा दर्जा सुमार असतो.

सहावी पायरी: खरेदी

आयबाख, एच अँड आर या युरोपीय कंपन्यांच्या यादीत पोलोसाठी लिहिलेलं "३० मिमी" हे युरोपातल्या पोलोच्या उंचीवरून मोजलेलं असतं. भारतातली पोलो मुळातच उंच ठेवलेली आहे. त्यामुळे तीच स्प्रिंग इथे ३० पेक्षा जास्त खाली बसते. दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेलं माप इथे कामाला येतं: ज्याच्या भारतीय पोलोत ती स्प्रिंग आहे त्याच्याकडून चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं माप मागा आणि आपल्याशी ताडून पाहा.

त्याच यादीत पुढच्या ॲक्सलवर किती किलोपर्यंत भार चालेल हेही दिलेलं असतं. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे टीडीआयची (डिझेलची) स्प्रिंग टीएसआयमध्ये घातली तर नाक वर राहतं आणि उलट केलं तर खाली. स्प्रिंगेवर छापलेला पार्ट नंबर कंपनीच्या यादीत स्वतः शोधा. नंबर पुसट, खोडलेला किंवा नुसता स्टिकर असेल तर घेऊ नका.

दोन गोष्टींना साफ नाही म्हणा. पहिली, मूळ स्प्रिंग कापणं. सहा कामाच्या वेटोळ्यांतून एक काढलं की रेट २० टक्के वाढतो, पण टोक बैठकीत बसत नाही, गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग सैल होऊन सरकते, आणि गॅस कटरने कापली असेल तर उष्णतेने पोलादाचं पाणीच जातं. दुसरी, वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी बूस्टर. ते एक-दोन वेटोळी बंद पाडतात आणि उरलेल्यांवर ताण टाकतात. उतरवलेल्या स्प्रिंगेत तर मुळीच नकोत.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना वाट स्पष्ट आहे: स्प्रिंगांसोबत येणारं पार्टचं प्रमाणपत्र घेऊन ट्यूफसारख्या संस्थेकडे गाडी तपासून नोंद करून घ्यायची.

सातवी पायरी: बसवणं

हे काम घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगेत माणसाला कायमचं जायबंदी करण्याइतका जोर असतो. स्प्रिंग कंप्रेसरने पकडल्याशिवाय टॉप माउंटिंगच्या मधल्या नटाला कोणी हात लावत असेल तर तिथून गाडी परत न्या.

मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून पुढच्या गोष्टी बघा. स्प्रिंगेचं टोक खालच्या बैठकीतल्या खाचेला नीट टेकलंय ना. टॉप माउंटिंग आणि तिचं बेअरिंग नवं घातलंय ना, कारण तो भाग सुटलेलाच असतो आणि नंतर बदलायचा तर सगळी मजुरी पुन्हा. सेल्फ लॉकिंग नट जुनेच परत वापरत नाहीत ना. मागचा बीम खाली सोडताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: बुशमधून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट करायचे नाहीत. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली घेतल्यावर तो बुश कायमचा पिळलेला राहतो, उंची चुकीची दिसते आणि रबर काही महिन्यांत चिरतं. गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीवर शेवटचा टॉर्क द्यायला, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायला सांगा.

गाडी खाली आली की पुढच्या लोअर आर्मकडे नजर टाका. चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलेलं दिसलं तर गाडी जास्त उतरली आहे. अशा स्थितीत स्ट्रटच्या गाडीचं रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली जातं. वळणात झुकायचा जोर कमी होण्याऐवजी वाढतो, म्हणजे पैसे घालून आधीपेक्षा वाईट हँडलिंग.

आठवी पायरी: नंतरची तपासणी

एक-दोन आठवडे चालवून स्प्रिंगा बसू द्या, मग चारही मापं पुन्हा घ्या. डाव्या-उजव्या बाजूत ५ मिमीपर्यंत फरक चालतो, जास्त असेल तर स्प्रिंगेचं टोक सरकलंय का पाहायला लावा. त्यानंतर अलाइनमेंट. पोलोत पुढचा टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन) जुळवता येतो, मागचा बीमवर ठरलेला असतो. मशीनवरचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. उंची बदलली की टो बदलतो, आणि चुकीच्या टोवर नवे टायर आतल्या कडेने भराभर झिजतात. वरून टायर चांगले दिसत राहतात, म्हणून हात आत घालून कड चाचपा.

हेडलाइटचा झोत भिंतीवर टाकून पुन्हा जुळवा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उतरली असेल तर दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. ज्या गाड्यांत दिवे आपोआप उंची घेतात किंवा कॅमेरा-रडारची मदत असते, तिथे सेन्सर कंपनीच्या यंत्रावर नव्याने जुळवावे लागतात.

हजार किलोमीटरनंतर एकदा रॅम्पवर घ्या. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, बेलोज फाटलाय का, टायर आतल्या प्लास्टिकला घासल्याच्या खुणा आहेत का ते बघा. मागच्या शॉकअपला पुन्हा केबल टाय बांधा. तो रोज बंप स्टॉपपर्यंत जात असेल तर कमी उतरणारा संच घ्या किंवा मूळ स्प्रिंगा परत बसवा. त्यासाठी मूळ स्प्रिंगा, बंप स्टॉप आणि बेलोज डावा-उजवा अशा चिठ्ठ्या लावून कोरड्या जागी ठेवलेले असावेत. गाडी विकतानाही घेणारा बहुतेक वेळा तेच आधी मागतो.